नाशिकच्या आधीचे नारायणगाव

मराठीत वाइनवर जे लिहिले जाते ते बहुधा नाशिकला सुरू होते आणि नाशिकलाच संपते. अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत, गंगापूर धरणाजवळची जमीन, २००० साली बाजारात आलेली ‘सुला’ आणि पुढे ‘भारताची नापा व्हॅली’ हे बिरुद. ही हकिगत खोटी नाही, पण अर्धी आहे. जो अर्धा भाग गळतो त्यातच या तरुण वाइन-प्रदेशाचा स्वभाव दडला आहे, असे माझे मत आहे.

तो भाग आमच्याच रस्त्यावर आहे. चाकणहून पुणे-नाशिक महामार्गाने खेड, मंचर ओलांडले की नारायणगाव. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इथे ‘इंडेज’ उभी केली. शॅम्पेन बनवणाऱ्या पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेतले आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन काढली. तिचे नाव ‘ओमर खय्याम’. तिचा डोळा परदेशी बाजारावर होता. सुलाची पहिली बाटली येण्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ हे चालू होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला हा नमुना अनोळखी वाटू नये. परदेशी तंत्र, इथली जमीन, इथले हात. आकुर्डीची बजाज स्कूटर आधी पियाजिओच्या परवान्यावरच निघाली. आंबवण्याचे शास्त्रही आम्हाला नवे नव्हते. १९५४ साली स्थापन झालेला पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना म्हणजे शेवटी टाक्यांत बुरशी वाढवण्याचेच काम! युरोपात वाइन मठांतून आणि पिढीजात मळ्यांतून आली. आपल्याकडे ती सहकार्य-करार आणि स्टीलच्या टाक्या घेऊन आली. यात कमीपणा काही नाही. पण नापाची उपमा देणारे हे मूळ झाकतात.

उपमा शेतातही टिकत नाही. नापातली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक मात्र एकच घ्यायचे. तिकडे द्राक्ष पिकताना हवा थंडावत जाते. इकडे जानेवारी ते मार्च ऊन चढत जाते, साखर भरभर वाढते, आंबटपणा उतरतो. तोडणीला चार दिवस उशीर झाला तर वाइन सपक होते. म्हणून आपल्याकडे पहाटेच्या गारव्यात घड उतरवतात. शेनिन ब्लां आणि सोविन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाणांनी नाशकात लौकिक मिळवला, तो मला या घाईचे गणित जमल्याचा पुरावा वाटतो. लाल वाइनमध्ये मात्र लाकडी पिंपांचा वास फळावर स्वार होतो, अशी माझी तक्रार आहे.

सरकारचे वागणे दुहेरी. १९४९ चा दारूबंदी कायदा कायम ठेवून २००१ साली द्राक्ष-प्रक्रिया धोरण आले, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादनशुल्कात सूट मिळाली. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, तेही एमआयडीसीचेच. वायनरी वाढल्या, आणि त्यांना माल देण्यासाठी शेतकऱ्यांनी थॉमसनऐवजी वाइनचे वाण लावले.

मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला. परदेशात विस्तारलेली, कर्जात रुतलेली इंडेज कोसळली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अवसायनापर्यंत गेले. या पडझडीवर जे लिहिले गेले त्यात भागधारक आहेत, बँका आहेत. बागायतदार ओळीभर येतो. चाकणचा लघुउद्योजक मोठ्या कंपनीची ऑर्डर बंद झाली तर त्याच लेथवर दुसऱ्याचा सुटा भाग काढू शकतो. वाइनच्या द्राक्षाला ती सोय नाही. मणी बारीक, आत बिया, साल जाड. बाजार समितीत त्याला कोण विचारणार? वायनरीने पाठ फिरवली की माल वेलीवरच राहतो. त्या वर्षांत अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. नवी लावून पुन्हा फळ धरायला दोन-तीन वर्षे जातात, आणि मांडवाचे कर्ज तोवर थांबत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले. एका बाजूला त्याचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला त्याचे घर. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय अडला. त्या गदारोळात करारातला किलोचा दर किती, तो किती वर्षांसाठी बांधलेला, आणि वायनरी बुडाली तर वेलीवरच्या मालाचे पैसे कोण देणार, हे विचारणारे मला फारसे कोणी दिसले नाही. नारायणगावच्या बागायतदाराने ते दहा-बारा वर्षे आधीच विचारले असते.