वजनाने भागलेली क्षमता

उतारवयात ज्याच्या हृदयाची व फुप्फुसांची कार्यक्षमता अधिक, त्याचे चयापचय अधिक निरोगी, हा सिद्धान्त आज इतका सर्वमान्य झाला आहे की, तो ज्या मापावर उभा आहे त्या मापाची चिकित्सा क्वचितच होते. सिद्धान्त खोटा आहे असे नव्हे. कसून श्रम करणारा स्नायू रक्तातील साखर शोषून घेतो, ही गोष्ट वादातीत आहे. मात्र या संबंधाचे बळ दाखविण्यासाठी जो आकडा पुढे केला जातो, तो निर्भेळ नाही.

कमाल श्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरते, हे या क्षमतेचे माप होय. हिल व लप्टन यांनी १९२३ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे या राशीला शरीराच्या वजनाने भागण्याची रीत रूढ झाली. मिनिटाला दीड लिटर प्राणवायू वापरणाऱ्या दोन व्यक्ती घेतल्या, तर ५० किलो वजनाच्या व्यक्तीची क्षमता ३० मिलिलिटर भरते, ७५ किलोच्या व्यक्तीची २०. हृदये तुल्यबळ असूनही दुसरी व्यक्ती 'अक्षम' ठरते. वजनाने भागून काढलेल्या प्रमाणांतील हा हेत्वाभास टॅनर यांनी १९४९ मध्येच दाखवून दिला होता. तरी ती रीत चालूच राहिली.

आता दुसरी बाजू पाहावी. चयापचयाच्या विकृतीची अमेरिकी तज्ज्ञमंडळाने २००१ मध्ये ठरविलेली लक्षणे पाच : कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर. यांपैकी तीन आढळली की निदान पक्के. म्हणजे चरबी एकीकडे भाजकात बसते आणि दुसरीकडे कंबरेच्या घेरात. मग दोहोंत संबंध आढळला यात नवल ते काय? औषधांचीही तीच गत आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या वृद्धाच्या नाडीचा कमाल वेग त्या औषधानेच खाली येतो आणि रक्तदाबाचे लक्षणही त्याच्या नावे लागलेले असते.

वृद्धांच्या बाबतीत हा दोष विशेष जाचक होतो, कारण वजन तेच राहूनही स्नायू झिजतात व चरबी वाढते. वजन शरीराच्या घडणीविषयी किती मुके असते, हे पुण्याचे याज्ञिक व लंडनचे युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

तथापि सारा दोष भाजकाचाच, असे म्हणणेही अतिरेकाचे होईल. बाल्टिमोर येथील दीर्घकालीन अभ्यासात (२००५) विशी-तिशीत दशकाला ३ ते ६ टक्के असणारी घट सत्तरीनंतर २० टक्क्यांहून अधिक झालेली दिसली. आणि चरबीविरहित वजनाने भागूनही घटीचा वेग जवळपास तसाच राहिला. तेव्हा वयाबरोबर काहीतरी खरोखरच ढासळते. अडचण एवढीच की, त्याचा चयापचयाशी असलेला संबंध नेहमीच्या आकड्यातून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी प्राणवायूचे मूळ लिटर व चरबीविरहित वजनामागील प्रमाण शेजारी-शेजारी छापले पाहिजे आणि साखर व इन्शुलिन यांशी असलेला संबंध कंबरेचा घेर वगळून तपासला पाहिजे.

ही केवळ गणिताची काटेकोर हौस नव्हे. ७० किलो वजनाचा, मिनिटाला १.४ लिटर प्राणवायू वापरणारा एखादा वृद्ध आहार तोडून ६३ किलोंवर आला आणि त्यात स्नायू गमावल्याने त्याचा प्राणवायू १.३ लिटरवर घसरला, तरी त्याची नोंद २० वरून २०.६ अशी होते. कागदावर ही सुधारणाच ठरते.