सांडपाण्यातील अमली पदार्थांचे मोजमाप : एक चिकित्सा

सांडपाण्याच्या रासायनिक पृथक्करणावरून एखाद्या लोकसमूहातील अमली पदार्थांच्या सेवनाचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉटन यांनी २००१ मध्ये मांडली. तिचा पहिला ठळक प्रयोग मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतील एत्तोरे झुक्कातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील पो नदीवर केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने एका नव्या संशोधनशाखेचा पाया घातला, यात शंका नाही. परंतु त्याचे निष्कर्ष ज्या गृहीतांवर उभे आहेत, ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

कोकेनचे सेवन केल्यावर त्याचा बराच भाग बेंझॉइलएक्गोनाइन या द्रव्याच्या रूपाने लघवीतून बाहेर पडतो. संशोधकांनी मोजणीसाठी हेच द्रव्य निवडले, ते योग्यच होते. कोकेन कोणी गटारात ओतूही शकतो. हे द्रव्य मात्र मुख्यतः शरीरातच तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, इतके अल्प प्रमाणही द्रव-क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या साहाय्याने अचूक ओळखता येते. प्रयोगशाळेतील हे काम निबंधाचा सर्वांत भक्कम भाग होय.

अडचण त्यापुढील गणितात आहे. नदीतून दररोज सुमारे ४ किलो कोकेनइतके अवशेष वाहतात, असा हिशेब मांडून १०० मिलिग्रॅमची एक मात्रा धरण्यात आली आणि रोजच्या सुमारे ४०,००० मात्रा काढण्यात आल्या. सरकारी पाहणीवरून मात्र या खोऱ्यातील तरुणांमध्ये महिन्याला किमान १५,००० वेळा सेवन अपेक्षित होते. ही तफावत धक्कादायक दिसते. परंतु पाहणी 'महिन्यातून एकदा तरी सेवन करणाऱ्या' व्यक्ती मोजते, पाणी मात्रा मोजते. त्या १५,००० जणांपैकी प्रत्येकाने रोज दोन ते तीन मात्रा घेतल्या, तरच दोन्ही आकडे जुळतील. हे संभवत नाही. म्हणून पाहणीत सेवन कमी नोंदले जाते, हा निष्कर्ष टिकतो. ते नेमके किती कमी, हे मात्र यातून ठरत नाही.

दुसरा मुद्दा गुणकाचा. मूळ हिशेबात अवशेषांवरून कोकेन काढताना २.३३ हा गुणक वापरला होता. याच मिलान गटाने पुढे २०१३ मध्ये उपलब्ध माहितीचा फेरविचार करून ३.५९ हा गुणक सुचविला. म्हणजे पाण्याचा नमुना तोच, यंत्राने दिलेला आकडा तोच; परंतु ४ किलोंचे सुमारे ६ किलो होतात. दशांशापर्यंत दिलेले अंदाज वाचताना याचे भान ठेवले पाहिजे.

या शाखेने स्वतःच्या उणिवा शोधल्या, हेही नमूद केले पाहिजे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात २०११ मध्ये एमडीएमएचे प्रमाण एकाएकी वाढलेले आढळले. त्याच्या रेणूंच्या डाव्या-उजव्या रूपांचे प्रमाण तपासले असता हा माल शरीरातून आलेला नसून थेट गटारात टाकलेला असल्याचे दिसून आले. जवळच्या बेकायदा कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला होता. ही तपासणी झाली नसती, तर साऱ्या शहराच्या माथी व्यसनाचा डाग बसला असता.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सरकारी भत्ता घेणाऱ्या बेरोजगारांची अमली पदार्थ चाचणी करण्याची योजना पुढे आली. तिची ठिकाणे निवडताना सांडपाण्याच्या तपासणीचा आधार घेण्याचे सांगण्यात आले आणि तीन ठिकाणांची नावेही जाहीर झाली. ते विधेयक पुढे संमत झाले नाही. पण सांडपाण्यात बेरोजगार आणि नोकरदार वेगळे ओळखता येत नाहीत, हा साधा आक्षेप या योजनेच्या मुळाशीच लागू होतो.

एकाच शहरातील वाढ-घट समजून घेण्यास व उपचारकेंद्रांची आखणी करण्यास ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे. मात्र पाणी ग्रॅम सांगते, माणसे सांगत नाही. ही मर्यादा प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर नोंदली गेली पाहिजे. कारण आकडा चुकला तर तो दुरुस्त करता येतो, वस्तीचे बिघडलेले नाव मात्र सहजी दुरुस्त होत नाही.