वीरेंद्री, रणाजिरा आणि मंडळी

जबलपूरजवळच्या भेडाघाटला आलेला माणूस धुआँधार धबधबा पाहतो, संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरतो आणि परततो. टेकडीवरच्या पायऱ्या चढायचं त्राण थोड्यांनाच उरतं. वर कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकातलं चौसष्ट योगिनींचं गोल आवार आहे. नावाला चौसष्ट, कोनाडे ८१. मूर्ती सगळेच बघतात. मी म्हणेन, बैठकीवरची अक्षरं वाचा. मजकूर एवढाच: आधी 'श्री', मग नाव.

अजिता, दर्पहारी, अंतकारी, क्षत्रधर्मिणी, वीरेंद्री. ओळीने म्हणून पाहा, फौजेची हजेरी चाललीय असं वाटतं. आपल्याकडे पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सुभेदारीण सुभेदाराची. हुद्दा नवऱ्याचा, बाईच्या वाट्याला नुसता प्रत्यय. १७३१ मध्ये मराठ्यांचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडले. पुढे सेनापतिपदाचा कारभार त्यांच्या आई उमाबाईंनी चालवला, पण त्या पदाला स्त्रीरूप काही लाभलं नाही. इंग्रजीत एकेकाळी 'कॅप्टनेस' होती, तीही मागे पडली. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेत झाशीची राणी पलटण उभी राहिली, तेव्हा लक्ष्मी स्वामीनाथन 'कॅप्टन'च झाल्या. भेडाघाटची वीरेंद्री मात्र कुणा वीरेंद्राची बायको नव्हे. याच आवारातल्या ब्रह्माणी-माहेश्वरींची नावं घेताच मागचे देव आठवतात. हिच्या नावामागे कुणी उभा नाही.

सगळ्यांत सरस 'रणाजिरा'. अजिर म्हणजे अंगण. बाकीच्या रणात उतरणार, शत्रूला जिंकणार, त्याचा गर्व उतरवणार; ही स्वतःच रणांगण! सडा-रांगोळीचं अंगण उचलून थेट लढाईत नेऊन ठेवणाऱ्या त्या अनामिकाला दाद द्यावी तेवढी थोडी. 'क्षत्रधर्मिणी'त जोडाक्षरांचा दणदणाट आहे, पण कल्पना सरळ. रणाजिरेत आवाज कमी आणि झेप मोठी.

बहुतेक मूर्तींचे हात तुटलेत. शस्त्रंही त्यांच्याबरोबर गेली. त्यामुळे कुणाचं काम काय, हे पुष्कळदा नावावरूनच ताडायचं.

खराखुरा हुद्दा आहे तो वाराहीला. ललितासहस्रनामात देवीच्या सेनेची प्रमुख 'दंडनाथा' येते. दंड म्हणजे सैन्य, आणि ही दंडनाथा म्हणजेच वाराही. सेनापतीचं असं निखळ स्त्रीरूप क्वचितच सापडेल. भेडाघाटच्या वर्तुळात तीही बसली आहे, पण बैठकीवर पद नाही, नुसतं 'श्री वाराही'. वाचणाऱ्याला तिचा हुद्दा ठाऊक असणारच, असं कोरणाऱ्याने धरलेलं दिसतं.