बायबलमधील अपत्यनामे : अर्थ आणि आशय

प्रस्तावना

बायबलमधील नावे व त्यांचे अर्थ देणारे अनेक संग्रह आज उपलब्ध आहेत. अशा संग्रहांत एका बाजूस नाव व दुसऱ्या बाजूस अर्थ अशी मांडणी असते. ‘ईखाबोद म्हणजे वैभवहीन’, ‘याबेस म्हणजे दुःख’ एवढ्यावर वाचकाची बोळवण होते. वस्तुतः जुन्या करारातील असामान्य अपत्यनामे ही कथनाचीच अंगे आहेत. ती कोणी व कोणत्या प्रसंगी ठेवली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्यांचा आशय हाती लागत नाही. निवडक उदाहरणांच्या आधारे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेदनेतून आलेली नावे

पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात पलिष्ट्यांनी कराराचा कोश हिरावून नेल्याची, सासरा एली व पती फिनहास यांच्या मृत्यूची वार्ता ऐकताच फिनहासची पत्नी प्रसूत होते. मुलगा झाल्याचे भोवतालच्या स्त्रिया सांगतात. ती लक्ष देत नाही. मुलाला ‘ईखाबोद’ हे नाव देऊन ती प्राण सोडते. या स्त्रीचे स्वतःचे नाव ग्रंथात येत नाही. पराभवाचा अर्थ मात्र तीच सांगते.

उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात राहेल मरताना मुलाला ‘बेनओनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असे म्हणते. याकोब त्याला ‘बन्यामीन’, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, म्हणतो. मुलावरील दुःखाचा भार पिता दूर करतो. परंतु त्याचबरोबर मातेचा अखेरचा शब्दही पुसला जातो. कथनाने दोन्ही नावे जतन केली आहेत, हे येथे महत्त्वाचे ठरते.

याबेसचे उदाहरण कोशगत अर्थाच्या मर्यादा दाखवते. आईने वेदनेत जन्म दिला म्हणून हे नाव, असे पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. परंतु हिब्रूत वेदनावाचक शब्दातील अखेरच्या दोन अक्षरांची अदलाबदल या नावात झालेली आहे. म्हणजे नाव वेदनेचा अर्थ सांगत नाही. तिचा केवळ ध्वनी जागवते. शिवाय वेदना आपल्या वाट्याला येऊ नये अशी प्रार्थना याबेस करतो व ती मान्य होते. नाव म्हणजे नियती नव्हे, हेच या दोन वचनांच्या कथेचे सूत्र आहे.

संदेष्ट्यांची अपत्ये

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत नामकरणाचे स्वरूप पालटते. यशयाच्या आठव्या अध्यायातील ‘महेर-शालाल-हाश-बज’ हे नाव ‘लूट त्वरेने, शिकार घाईने’ अशा आशयाचे आहे. ते मुलाच्या जन्मापूर्वीच पाटीवर लिहिले जाते. मूल ‘बाबा’, ‘आई’ म्हणू लागण्यापूर्वी अश्शूरचा राजा दिमिष्क व शोमरोन यांची संपत्ती लुटून नेईल, असे हे भाकीत आहे. पुढे इ. स. पूर्व ७३२ मध्ये दिमिष्क व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. येथे मूल हीच एक जाहीर घोषणा बनते.

होशेयाच्या मुलीचे नाव ‘लो-रुहामा’ (जिच्यावर दया नाही ती) व धाकट्या मुलाचे ‘लो-अम्मी’ (माझे लोक नव्हेत). दोन्ही नावांचा रोख इस्राएल राष्ट्राकडे आहे. ती वागवावी लागतात ती मात्र मुलांना. लो-रुहामाचे दूध तोडल्याचा उल्लेख येतो. तिच्या मनाचा येत नाही. दुसऱ्या अध्यायात ‘लो’ हा नकार गळून पडतो आणि ‘अम्मी’ व ‘रुहामा’ ही नावे उरतात. मराठी अनुवादात नावांचे हिब्रू उच्चार कायम असल्याने एका अक्षराने घडणारे हे परिवर्तन वाचकाच्या सहजी लक्षात येत नाही. केवळ अर्थाची यादी पाहणाऱ्यास तर ते कळणारच नाही.

मराठी वाचकाला येथे ‘नकुशी’ हे नाव आठवल्यावाचून राहत नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात हे नाव धारण करणाऱ्या अडीचशेहून अधिक मुलींचे पुनर्नामकरण करण्यात आले. दोहोंतील भेद स्पष्ट आहे : ‘लो-रुहामा’मधील नकार राष्ट्राला उद्देशून आहे, ‘नकुशी’तील नकार त्या मुलीलाच आहे. साम्य एवढेच की, मोठ्यांच्या जगातील नकार दोन्हीकडे मुलीच्या नावात उतरला आणि तो मागे घेण्याची गरजही मोठ्यांनाच भासली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ही नावे त्यांच्या प्रसंगापासून तोडली असता त्यांचा अर्थ अपुरा, प्रसंगी चुकीचाही ठरतो. बन्यामीन व रुहामा यांच्या बाबतीत पहिले नाव अखेरचे ठरत नाही; ईखाबोदच्या बाबतीत मात्र तसा बदल होत नाही. हा फरक कोणत्याही नामसूचीत सापडणार नाही. तो कथेतच वाचावा लागतो. म्हणूनच नामार्थाच्या अभ्यासात कोशाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कथनाला दिले पाहिजे.