पक्षी दिसतो, पाणी दिसत नाही

नोव्हेंबर उजाडला की नागपूरच्या आसपासच्या तलावांवर निसर्गफेऱ्या निघू लागतात. महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. 5 तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, तर 12 तारीख डॉ. सालिम अली यांच्या जन्माची. शाळाही या फेऱ्यांत उत्साहाने सामील होतात, आणि हिवाळा सरता सरता छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. या धडपडीचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु विज्ञानशिक्षणाचा उपक्रम म्हणून तिच्याकडे पाहिले, तर एक गोष्ट खटकते. फेरीचे फळ म्हणून हाती उरते ते बहुधा छायाचित्र, आणि त्या छायाचित्रात पक्ष्याखेरीज काहीच नसते.

याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे. दूरचा पक्षी टिपण्यासाठी लांब नाभीय अंतराचे भिंग लागते. त्याचे छिद्र मोठे ठेवले की ठराविक अंतरावरची वस्तूच रेखीव उमटते. तिच्या मागचे-पुढचे सारे विरघळून रंगाचा एक पट्टा होतो. छायाचित्रकार याला चित्राचे सौंदर्य मानतात आणि ते आहेही. पण अशा चित्राला विद्यार्थी प्रश्न विचारू शकत नाही. काठावर चिखल होता की दगड? पाणी किती उथळ होते? शेकाट्या काठाजवळच का उभा राहतो आणि बुडी मारणारी बदके मध्यभागीच का? उत्तरे पार्श्वभूमीत होती, आणि नेमकी तीच पुसली गेली.

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या खापरखेड्याचे उदाहरण घेऊ. येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता 1340 मेगावॉट आहे. आपल्याकडील दगडी कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख असते. ती पाण्यात कालवून नळांनी राखबंधाऱ्यात सोडतात. राख तळाशी बसते, पाणी वर राहते. या परिसरात वारेगावला असे बंधारे आहेत. दुरून पाहणाऱ्याला तो तलावच वाटेल. उथळ पाणी आणि ओला काठ दिसला की पाणपक्षी उतरू शकतात. पाणी कुठून आले हे त्यांना कसे कळावे? राखबंधाऱ्यावरचा शेकाट्या आणि कन्हानच्या पात्रातला शेकाट्या यांची जवळून घेतलेली छायाचित्रे हुबेहूब सारखी येतील. केंद्राची धुराडी चौकटीबाहेरच राहतील.

यात काय बिघडले, हे कॅलिफोर्नियातील केस्टर्सन जलाशयाच्या इतिहासावरून कळते. शेतांच्या निचऱ्याचे पाणी तेथे साठवले जाई, आणि ती जागा पक्ष्यांचे आश्रयस्थानही होती. पक्षी दिसत होते, घरटी बांधत होते. 1983 मध्ये शास्त्रज्ञांनी अंडी तपासली तेव्हा आत विकृत भ्रूण सापडले. निचऱ्यातून आलेले सेलेनियम हे त्याचे कारण निघाले. कोळशाच्या राखेतही सेलेनियम असते. म्हणून खापरखेड्यात तसेच घडते आहे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. त्यासाठी तेथील पाणी आणि गाळ तपासावा लागेल. मुद्दा एवढाच की पक्ष्याचे देखणेपण हा पाण्याच्या आरोग्याचा पुरावा नव्हे.

छायाचित्र निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. मंगोलियात गळ्यात रंगीत पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. त्या पट्ट्यावरची खूण चांगल्या छायाचित्रात वाचता येते आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासाचा पुरावा हाती येतो. ओळखीबद्दल शंका असेल तेव्हाही छायाचित्रासारखा साक्षीदार नाही. पण किती पक्षी होते, हे तो साक्षीदार सांगत नाही. आणि संरक्षणाचा प्रश्न येतो तेव्हा विचारले जाते तेच. रामसर करारातील एका निकषानुसार जागेवर नेहमी 20,000 किंवा अधिक पाणपक्षी यावे लागतात. दुसऱ्यानुसार एखाद्या जातीच्या समूहापैकी 1 टक्का. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळेच तयार झालेले आहे. विदर्भातील मामा तलाव मात्र मुख्यतः सिंचनासाठी बांधलेले, आणि 2017 च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. ज्या पाण्याला कायद्याचा आधार तोकडा, त्याला नोंदींचा आधार तरी हवा.

तो आधार शाळा देऊ शकतात. 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तीत हौशी निरीक्षक भाग घेतात. शाळेने जवळचा एकच तलाव निवडावा. दर फेरीला एकाच दगडावर उभे राहून एक रुंद छायाचित्र घ्यावे. त्यात काठ, पाणी आणि मागची धुराडीही येऊ द्यावीत. सोबत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि प्रत्येक जातीची संख्या लिहावी. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहावे. कॅमेऱ्याला शून्य टिपता येत नाही, वहीला येते. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटून राख शेतांत पसरली. अशा घटनेनंतर जवळच्या पाण्याचे काय झाले हे ठरवायचे, तर आधीच्या नोंदी हाती असाव्या लागतात.

आणखी एक पथ्य. हिवाळ्यात पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. चरणाऱ्या थव्याने माना वर केल्या की आपण जास्त जवळ आलो असे समजून तेथेच थांबावे. थवा उडाला तर एखादे सुंदर चित्र मिळेल, पण गणना बिघडेल आणि पक्ष्याची शक्ती फुकट जाईल.

यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक पक्ष्याच्या शेजारी त्याच्या तलावाचे चित्र आणि गणनेचा तक्ता लावून पाहावा. पाहुणे कशापुढे अधिक वेळ थांबतात, याचीही नोंद विद्यार्थ्यांनी घ्यायला हरकत नाही.