दोन मिनिटांची जागा

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. टाके सुकले होते, पण पाय टेकवायची परवानगी अजून मिळाली नव्हती. एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवायचा म्हणून आम्ही त्यांना घेऊन निघालो. दवाखाना आदिलाबादमधलाच. नाव सांगत नाही, कारण तक्रार दवाखान्याची नाहीच. उलट त्यांनी दारापाशी निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढून एक जागा राखून ठेवली होती, शेजारी पायऱ्यांना लागून उतारही केला होता.

त्या जागेत एक मोठी पांढरी गाडी उभी होती. पुढच्या काचेवर कसल्याशा पदाची पाटी, आत ड्रायव्हर मोबाइल बघत बसलेला. ह्यांनी हॉर्न दिला. त्यानं काच अर्धी खाली घेतली आणि दोन बोटं दाखवली. "रेंडु निमिषालु."

आमच्या गावात ही दोन मिनिटं तिन्ही भाषांत चालतात. तेलुगूत रेंडु निमिषालु, मराठीत आत्ता काढतो, आणि बाजारच्या हिंदीत बस दो मिनिट. ऐकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं, फर्वालेदु. चालतं हो.

वॉचमन उठून आला. त्यानं काचेवरची पाटी वाचली आणि परत जाऊन स्टुलावर बसला. त्याला मी दोष देत नाही, त्याची नोकरी जेमतेम त्या स्टुलाएवढी. पण बाकावर दहा-बारा माणसं होती, मेडिकलसमोर चार, चहाच्या गाड्यावर पाच-सहा. सगळ्यांनी पाहिलं. एकानं मला सल्ला दिला, "मागच्या बाजूनं न्या ना बाई." दुसरा हलक्या आवाजात म्हणाला, "मोठ्या माणसाची गाडी आहे."

शेवटी आम्ही गाडी नालीच्या अलीकडे, रस्त्यावरच थांबवली. सासूबाईंना कसंबसं खुर्चीत बसवलं आणि खुर्चीची पुढची चाकं गिट्टीत रुतली. तेव्हा मात्र गंमत पाहा. चौघे जण धावत आले. एकानं चहाचा ग्लास तसाच ठेवला. "थांबा थांबा, आजीला उचलू या." चौघांनी मिळून खुर्चीसकट सासूबाईंना उचललं आणि त्या पांढऱ्या गाडीच्या पुढून दारात नेऊन ठेवलं. त्या चौघांतला एक जण त्या गाडीचा ड्रायव्हर होता. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती.

मी त्याला धन्यवाद दिले. खरंच दिले.

रात्री पांघरूण घालताना सासूबाई म्हणाल्या, "गव्हाच्या पोत्यासारखं उचललं गं मला." वय एक्क्याऐंशी. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही त्यांनी. त्या दिवशी एक हात पदराला होता आणि दुसरा माझ्या मनगटाला, त्याचे वळ दोन दिवस राहिले.

मला त्या दिवसापासून हेच खुपतं आहे. आजीला उचलायला आठ हात आले, आणि गाडी काढ म्हणायला एक तोंड उघडलं नाही. आपल्या लोकांत दया नाही असं कोण म्हणेल? दया भरपूर आहे. आपल्या समाजात तर जीवदयेवर व्याख्यानं होतात, पांजरपोळाला वर्गण्या निघतात, पाणी गाळून पितो आपण. पण दया करताना आपण वर असतो आणि समोरचा खाली. त्याला आपल्या पायांनी, आपल्या चाकांनी, कुणाचे उपकार न घेता आत जाता यावं, यासाठी एखाद्या मोठ्या माणसाशी वाकडं घ्यावं लागलं की आपली दया बाकावर बसून राहते.

ती जागा एवढी रुंद का असते, हे मला तरी कुठे माहीत होतं? मला वाटायचं, सवलत आहे, रांगेत पुढे घेतात तसं. नंतर समजलं की इमारतींच्या राष्ट्रीय नियमात अशा जागेची रुंदी कमीत कमी 3.6 मीटर सांगितली आहे आणि दारापासून अंतर 30 मीटरच्या आत. साधी गाडी लावायला अडीच मीटर पुरतात. वरचा मीटरभर कशाला? दार पूर्ण उघडायला. दाराला लागून खुर्ची उभी राहायला, माणसाला सीटवरून खुर्चीत सरकायला. हा हिशेब मी सासूबाईंना बसवताना अंगानं शिकले. दार अर्धंच उघडलं तर मोडलेला पाय बाहेर काढताच येत नाही. म्हणजे ती जागा काठीसारखी, कुबडीसारखीच एक वस्तू आहे. कुणाची कुबडी "दोन मिनिटं" मागून नेली तर आपण फर्वालेदु म्हणू का?

ते निळं चित्रही आता जुनं झालं. 1968 साली सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीनं ते काढलं. तिनं नुसती खुर्ची काढली होती, वरचं गोल डोकं नंतर दुसऱ्यांनी बसवलं. म्हणजे त्या खुर्चीत माणूस असतो, हे तेव्हाही आठवण करून द्यावं लागलं होतं! आपल्याकडे अपंगांसाठी पहिला मोठा कायदा 1995चा, नंतरचा 2016चा. आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या सूचना म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. न्यायालयानं सांगायचं ते सांगितलं. आमच्या दवाखान्यासमोरच्या बाकापर्यंत निकाल कोण आणणार?

आता स्वतःकडे येते, कारण दुसऱ्याची गाडी दाखवणं सोपं असतं.

आदिलाबादची आम्ही माणसं लग्नाच्या खरेदीला नागपूरला जातो. सासूबाई पडल्या त्याच्या आधीची गोष्ट. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात गाडी लावायला जागा मिळेना. लिफ्टजवळ निळं चित्र काढलेली जागा रिकामी होती. ह्यांनी तिथे गाडी घातली आणि म्हणाले, "तू बसून राहा, मी बदलून आणतो." एक साडी परत करायची होती. एसी चालू, मी बसलेली. पंचवीस मिनिटं लागली. माझ्या मनात काय होतं सांगू? मी गाडीत बसले आहे, म्हणजे ही गाडी इथे लावलेली नाहीच. कुणी आलं तर मी आहे ना!

बायांनो, आठवून पाहा, असं आपल्याला किती वेळा गाडीत बसवून ठेवलं आहे? बँकेसमोर, मेडिकलसमोर, चौकात. गाडीत बाई दिसली की पोलीसही हटकत नाही आणि वॉचमनही. आपण तिथे माणूस नसतो, रुमाल असतो, बसच्या सीटवर टाकतात तसा. आणि मला गाडी चालवता येते. किल्ली लावलेली होती. काढायची असती तर मी काढली असती.

पाठशाळेत आपल्याला तिसरं व्रत शिकवतात, अचौर्य. चोरीचा अर्थ तिथे फार साधा सांगितला आहे, अदत्तादान, न दिलेलं घेणं. कपाट फोडायलाच हवं असं नाही. जी जागा मला दिलेली नाही ती मी घेतली, झालं. शिवाय पाप स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा करणाऱ्याला मनातून होकार दिला, तिन्ही खात्यात येतं. माळेचे 108 मणी आपण ओढतो त्याचा हिशेब लहानपणी पाठ केलेला असतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. वर चार कषाय. गुणाकार बरोबर येतो. पण दवाखान्यासमोरच्या बाकावर बसून पाहणाऱ्यांची गणती यातल्या कुठल्या मण्यात करायची, हे मी त्या दिवसापर्यंत मनाला विचारलं नव्हतं. नागपूरच्या तळघरातल्या माझी तर नक्कीच होते, तिथे शोधायचीही गरज नाही.

बसमध्येही तेच. 9 डिसेंबर 2023पासून तेलंगणात बायकांना आरटीसीचा प्रवास फुकट झाला आणि बस भरून वाहू लागल्या. बायकांच्या सीटवर पुरुष बसलेला असला आणि उठा म्हटलं की ऐकावं लागतं, "तिकीट नाही आणि वर सीट पाहिजे." बाकीची बस हसते. हे आपण सगळ्यांना सांगतो. पण अपंगांसाठीच्या सीटवर आपण दोघी पिशव्या मांडीवर घेऊन बसलो असताना कुबडीवाला चढला, तर आपण खिडकीबाहेर पाहतो की नाही? कंडक्टर सांगेल तेव्हा उठू म्हणतो. तो बिचारा तिकिटं फाडत मागे अडकलेला असतो.

यानंतरची गोष्ट लिहावी की नाही, असा विचार मी बरेच दिवस केला. सासूबाईंचा तो प्रसंग झाल्यावर माझ्या अंगात थोडं वारं शिरलं होतं. पुढच्या तपासणीचा नंबर लावायला एकटीच गेले, तर त्याच निळ्या जागेत एक भाड्याची जीप. मागून एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उतरली. दोन पायांवर, सरळ. बरोबर बाप. मी तिथल्या तिथे सुरू झाले. "दिसत नाही का? ही जागा कुणासाठी आहे? धडधाकट पोरगी उतरवता इथे?"

आणि काय सांगू, आज सगळा बाक माझ्या बाजूनं बोलायला लागला! "बरोबर आहे बाईचं." "ह्यांना काही समजत नाही." "काढ, काढ गाडी." वॉचमनसुद्धा काठी घेऊन आला आणि बोनेटवर वाजवली. दीड महिन्यापूर्वी त्या बाकावर मुके बसले होते, ते हेच नसतील, पण वेगळेही नव्हते.

बापानं वाद घातला नाही. शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून मुलीचं अपंगत्वाचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. उटनूरकडचा गोंड माणूस, मराठी माझ्याइतकंच स्वच्छ. म्हणाला, "सिकलसेल आहे बाई. रात्रीपासून दुखतंय. गेटपासून चालवत नाही तिला."

सिकलसेल आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. ऐन तारुण्यात खुब्याच्या हाडाचं रक्त तुटून ते खराब होऊ शकतं, म्हणजे सासूबाईंना एक्क्याऐंशीव्या वर्षी पडून जे झालं त्याच्या जवळपासचं काहीतरी त्या पोरीला न पडता. 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत, त्यात हा आजार आहे. बाहेरून काहीही दिसत नाही. मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती, जीपच्या दाराला धरून खाली पाहत उभी होती.

बाक लगेच गप्प झाला. मग तिथलाच एक जण उठला आणि "ये बेटा, धरतो तुला" म्हणत पुढे आला. दया परत हजर.

मी त्या बापाला म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "फर्वालेदु अम्मा." तेलुगूत म्हणाला. आतापर्यंत माझ्याशी मराठीत बोलत होता.

पांढऱ्या गाडीसमोर आम्ही सगळ्यांनी पाटी वाचली होती, जीपसमोर माणूस वाचला. नियम दोन्ही वेळा तोच होता, जमिनीवर निळ्या रंगात काढलेला. ओरडणारीही मीच होते. पण मोठ्या गाडीपुढे माझा आवाज हॉर्नच्या पुढे गेला नाही आणि जीपपुढे तो सगळ्या आवारात पोचला. आपल्यातल्या काही जणी आता म्हणू लागल्या आहेत की अशा लोकांचे फोटो काढा, चारचौघांत लाज आणा. मला भीती वाटते. लाज आणायला आपण कुणाला निवडू, हे मी पाहिलं आहे. कार्ड बघायचं काम वॉचमनचं आहे, आणि पाटीवाल्या गाडीचंही कार्ड बघायची मुभा त्याला मालकानं लेखी द्यायला हवी. आपण बाकावरच्यांनी एवढंच करायचं की तो विचारायला उठला की त्याच्याबरोबर दोघांनी उठायचं.

दशलक्षण पर्वात मी हे सगळं आमच्या मंदिरात बोलले. आमच्याकडेही उतार आहे, एका दात्यानं करून दिलेला, नावाची फरशी लावलेली. त्यावर चपलांचं स्टँड ठेवलेलं असतं. ते हलवा म्हटलं तर एका ज्येष्ठ काकांनी शांतपणे विचारलं, "वहिनी, खुर्चीवर येतं कोण आपल्याकडे?" मी म्हटलं, "काका, तुमच्या शेजारची माझी सासू चौदा महिने झाले आली नाही, तिला विचारलंत का?" ते हसले. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकीनं उठून स्टँडचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं.

स्टँड आता भिंतीकडे सरकलं आहे. परवा सासूबाईंना घेऊन गेले, तर उताराच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर होती. आत अभिषेक चालू होता. मी दारातूनच मोठ्यानं विचारलं, "स्कूटर कुणाची?"


आतून आवाज आला, "दोन मिनिटं हं, वहिनी."