कराचीच्या पंधरा धावा

मराठी क्रीडालेखनास रक्ताचे आकर्षण फार. सचिन तेंडुलकर यांच्या पदार्पणाचा विषय निघाला, की सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर आदळला आणि तरीही त्यांनी ५७ धावा काढल्या, हेच पुनःपुन्हा रंगविले जाते. आमच्या मते खरे कथानक त्याआधीचे. १९८८ मध्ये शालेय क्रिकेटात नाबाद ३२६ धावा करणारा हा मुलगा नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीस १५ धावांवर वकारकडून त्रिफळाबाद झाला. आपला हा पहिला आणि शेवटचा डाव, असे तेव्हा वाटल्याचे त्यांनीच पुढे सांगितले आहे. रवी शास्त्रींचा सल्ला साधाच होता : घाई नको, अर्धा तास नुसता टिकून राहा. फैसलाबादला त्यांनी धावफलकाऐवजी घड्याळाकडे लक्ष ठेवले. हळूहळू नजर त्या वेगाला सरावली आणि ५९ धावा झाल्या. सोळाव्या वर्षी अंगवळणी पडलेली खेळी मोडून नवी घडविणे, हे नाट्य आमचे लेखक दोन वाक्यांत उरकतात. सुरतेतील आपल्या घरांतली मुले मराठी वाचतात ती बहुधा खेळाच्या पानापुरतीच. त्यांच्यासाठी तरी कोणी फैसलाबादचा तो डाव सावकाश, चेंडूगणिक लिहावा.